पंचवटीतील एका स्वस्त गिटारचा आवाज : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

भाचीची इलेक्ट्रिक गिटार सहा वर्षांपूर्वी साडेआठ हजारांना घेतलेली आहे. स्ट्रॅटोकास्टर या गाजलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या घडणीची, तीन सिंगल-कॉइल पिकअपची (तारांचे कंपन विजेत बदलणारी, प्रत्येकी एका गुंडाळ्याची चुंबके) आणि शिसवी फिंगरबोर्डाची ही गिटार आणि तिच्या जोडीला सहा इंची स्पीकरचा दहा वॉटचा सरावाचा ॲम्प (आवाज मोठा करणारे यंत्र), एवढाच तिचा संसार. "मामा, आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो आणि जरा मोठा केला की कानात टोचतो," ही तिची तक्रार असून त्यावर तिने शोधलेला उपाय पस्तीस हजारांच्या नव्या गिटारचा आहे. ताईने तो निवाडा माझ्यावर सोपवला. नाशिकच्या अंबडमधील कारखान्यात देखभाल विभागात वीस वर्षे काढल्यामुळे, जे यंत्र एकदाही मोजून पाहिलेले नाही ते बदलण्याची शिफारस माझ्या हातून सहसा होत नाही. तेव्हा दोन हजार रुपये आणि पावसाळ्यातले रविवार एवढे भांडवल ठरले.

पद्धतही आजच ठरवली. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलाच्या आधी व नंतर तीच आठ मात्रांची ओळ वाजवून, स्पीकरपासून एक मीटरवर स्टुलावर ठेवलेल्या मोबाइलमध्ये ती ध्वनिमुद्रित करायची. ॲम्पच्या नॉबच्या जागा मास्किंग टेपवर पेनाने आखून ठेवल्या. ऐकताना दोन्ही मुद्रणांची पातळी सारखी करून घ्यायची, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो आणि निम्मी फसगत तिथेच होते. गोदावरीला पूर किती आला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अवयवापर्यंत पाणी पोचले यावरून सांगतात. तशी न हलणारी खूण या कामात ती आठ मात्रांची ओळ असेल.

८ जून

खर्च शून्य. ताईचे घर पंचवटीतील जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर असून खोलीला लाकडी तक्तपोशी आहे, आणि ॲम्प त्या तक्तपोशीवर, दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवलेला होता. कोपरा खालच्या स्वरांना फुगवतो आणि फळ्यांची जमीन स्वतःच कंप पावून त्यात भर घालते, त्यामुळे जाड तारांचा स्वर घुमत राहतो. शिवाय लहान स्पीकरमधून निघणारे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात आणि उभ्या असलेल्या वादकाच्या पोटऱ्यांवर आदळतात. कानाला ते ऐकू येत नाहीत म्हणून भाची ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, वाढवत राहते आणि समोर बसलेल्या माणसाच्या कानात तोच ट्रेबल टोचतो. तिच्या तक्रारीचे दोन्ही भाग या एकाच मांडणीतून निघत होते.

ॲम्प भिंतीपासून दोन फूट पुढे आणून लाकडी खुर्चीवर ठेवला, खाली योगासनांच्या जुन्या चटईचा तुकडा घातला आणि तोंड थोडे वर, तिच्या कानाच्या दिशेने केले. ट्रेबलचा नॉब सातवरून चारवर आणि बेस सहावरून चारवर आला. गेन (ॲम्पमध्ये शिरणाऱ्या आवाजाची वाढ) आठवरून पाचवर आणायला मात्र बरीच विनवणी करावी लागली. गेन जास्त असला की ॲम्पमधील विकृती वाजवण्याच्या चुका झाकते, आणि त्याबरोबर तार छेडल्याचा स्पष्ट आघातही खाऊन टाकते. मुद्रण ऐकल्यावर ती काही बोलली नाही. ते मी होकार म्हणून लिहून घेतले.

त्याच दिवशी तार छेडायची तीन जाडीची पिके (प्लेक्ट्रम) आणली (९० रुपये). ती ०.४६ मिलिमीटरचे लवचीक पीक वापरत होती आणि त्याचा 'टिक्' असा आवाज स्वराच्या आधी ऐकू येत होता. ०.७३ ने तो कमी झाला आणि १.० मिलिमीटरने जवळजवळ गेला. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे पिकाऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरतात हे सांगितल्यावर तिने पुढची पंधरा मिनिटे एक रुपयाच्या नाण्याने वाजवून पाहिले. आवाज करकरीत आला, पण हात लगेच दुखला.

१५ जून

आजची नोंद लांबणार, कारण या प्रकल्पातील सर्वांत मोठा फरक आज पडला.

जुन्या तारा दहा महिन्यांच्या होत्या. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जिथे टेकतात तिथे खालच्या बाजूला खाचा पडल्या होत्या आणि गुंडाळलेल्या तारांच्या वेढ्यांत घाम व धूळ बसून त्या काळ्या झाल्या होत्या. अशा तारेचे वजन लांबीभर सारखे राहत नाही, त्यामुळे वरचे हार्मॉनिक्स (मूळ स्वरासोबत निघणारे उपस्वर) लवकर मरतात आणि बाराव्या फ्रेटवर स्वर जुळत नाही. नव्या संचाची जाडी कोणती असावी यावर मामा-भाचीत वाद झाला. जाड तारेशिवाय भरीव आवाज येत नाही असे तिचे मत, तर झेडझेड टॉप या रॉक बँडच्या बिली गिबन्स यांच्यासारखा भारदस्त आवाजाचा वादक ०.००७ इंचांपासून सुरू होणाऱ्या तारा वापरतो हा माझा दाखला. शेवटी ती जोरात छेडते आणि बारीक तार छेडताक्षणी क्षणभर वर चढते, या कारणाने ०.००९ ऐवजी ०.०१० चा निकेलचा संच घेतला (४५० रुपये).

या बदलाने सहा तारांचा एकूण ताण सुमारे ३८ किलोंवरून ४६ किलोंच्या आसपास जातो, आणि तारा बदलून थेट वाजवायला बसणाऱ्याला पुढचा सगळा गोंधळ या आठ किलोंमुळे सहन करावा लागतो. मान पुढे वाकली आणि तरंगता ब्रिज (तारांचे खालचे टोक धरणारा, स्प्रिंगांनी तोललेला भाग) मागून उचलला गेला. प्रथम मागच्या बाजूचे दोन स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळून स्प्रिंगांचा ताण वाढवला आणि ब्रिज पुन्हा जागेवर बसवला. मग मानेचा बाक मोजला : पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, आठव्या फ्रेटच्या माथ्यावर किती फट उरते ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) पाहायचे. फट ०.४५ मिलिमीटर होती, हवी होती ०.२५ च्या जवळपास. ट्रस रॉड (मानेच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) पाव फेरा आवळला, चहा होईपर्यंत थांबलो, पुन्हा मोजले आणि आणखी अर्धा-पाव (एक अष्टमांश) फेरा दिला. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि रॉडचा नट अडतो आहे असे वाटले तर जोर लावू नये. मान दुरुस्त करण्यापेक्षा गिटार विकत घेणे स्वस्त पडते.

त्यानंतर पिकअपची उंची. हे काम एका स्क्रू-ड्रायव्हरचे आहे आणि कोणी करत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबली असता पिकअपच्या खुंटीपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जाड बाजूला सुमारे २ आणि बारीक बाजूला सुमारे १.६ मिलिमीटर अंतर सिंगल-कॉइलला साधारणपणे मानले जाते. आमच्या गिटारवर मानेजवळच्या पिकअपचे अंतर जाड बाजूला जेमतेम एक मिलिमीटर होते. कोणीतरी आवाज मोठा करण्यासाठी तो वर चढवला असावा. इतक्या जवळून चुंबक तारेला ओढतो, तारेचे मोकळे कंपन अडते, आणि खालची ई तार वरच्या फ्रेटांवर एका स्वराऐवजी दोन जवळजवळचे स्वर एकत्र वाजल्यासारखी थरथरते. भाची याला आतापर्यंत 'ही तार बिघडलेली आहे' असे म्हणत होती. पिकअप खाली नेल्यावर आवाज थोडा लहान झाला, थरथर गेली आणि स्वर अधिक वेळ टिकू लागला. ब्रिजजवळ तारेचे कंपन मुळातच लहान असते, म्हणून तिथला पिकअप मात्र थोडा वर घेतला, जेणेकरून पिकअप निवडायचा स्विच बदलला की पातळी एकदम खाली-वर होऊ नये.

शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मॉनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवले. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकण्याचा तुकडा) मागे, उतरता आला तर पुढे. सहापैकी पाच सॅडल मागे न्यावे लागले.

मुद्रण ऐकून ताईने स्वयंपाकघरातून विचारले, "नवीन आणली का रे?"

२२ जून

जी आणि बी तारा सुरात लावताना 'टिंग' असा आवाज करून उडी मारत होत्या. म्हणजे तार मानेच्या टोकावरील खाचांच्या पट्टीत, म्हणजे नटमध्ये, अडकत होती. जाड झालेल्या तारांसाठी खाच अरुंद पडत होती, म्हणून बारीक पॉलिश पेपर तारेच्या तुकड्याभोवती गुंडाळून खाचेच्या फक्त बाजू हलक्या घासल्या, तळाला हात लावला नाही, आणि ६बी पेन्सिलीचे शिसे भरले. उडी थांबली. खर्च नाही.

६ जुलै

आषाढी एकादशी असल्यामुळे ताईकडे साबुदाण्याची खिचडी, आणि आमच्याकडे गुणगुण.

गिटार जोडली की ॲम्पमधून सतत येणाऱ्या आवाजात दोन आवाज मिसळलेले होते, आणि ते वेगळे केल्याशिवाय इलाज करणे म्हणजे अंधारात दगड मारणे. पहिला आवाज जड, घुमणारा, आपल्या ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा. दुसरा करकरणारा, माशी बाटलीत अडकल्यासारखा. तारांना हात लावला की दुसरा बराच कमी होत होता. याचा अर्थ हवेतील विद्युत गोंगाट माणसाचे शरीर झेलत होते आणि ब्रिजमार्गे तो जमिनीकडे जात होता. निदान गिटारच्या आतली अर्थची जोडणी शाबूत आहे एवढे यातून कळले.

मग खोलीतील एकेक उपकरण बंद केले. पंखा बंद करताच करकर निम्मी झाली. रेग्युलेटर जुना, गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला होता. असे रेग्युलेटर ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या साहाय्याने विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून पंख्याची गती कमी करतात, आणि त्या कापण्यातून तीक्ष्ण गोंगाट साऱ्या घराच्या तारांमध्ये पसरतो. पंखा पूर्ण वेगात असताना आवाज कमी आणि मध्यम वेगात सर्वाधिक, हेही त्याच्याशी जुळले. त्याच्या जागी पायऱ्यांचा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवून घेतला (२८० रुपये). गिटारच्या आवाजासाठी पंख्याचा रेग्युलेटर बदलावा लागेल असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

खरा दोष भिंतीत होता. तीन पिनांच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला तेव्हा फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट आले, परंतु फेज आणि अर्थमध्ये आकडा नव्वदच्या आसपास डुगडुगत होता. तिसरी पिन शोभेची होती. हे काम मी स्वतः केले नाही. वायरमनला बोलावले, त्याने स्विचबोर्डातील सुटलेली अर्थची तार शोधून पक्की केली आणि वाड्याच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जोडणी तपासली (३०० रुपये). आता फेज ते अर्थ २३० दाखवते. करकर जवळजवळ संपली. स्वराचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी लोखंडी तारांना सतत हात लावून बसणाऱ्या मुलीसाठी हे तीनशे रुपये आधीच खर्च व्हायला हवे होते.

जड घुमणे तसेच आहे.

२० जुलै

सातपूरला ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमधून तांब्याची पातळ पट्टी वजनावर आणली (२२० रुपये). पिकगार्डाखालील (गिटारच्या दर्शनी झाकणाखालील) पोकळी आणि पिकगार्डाची मागची बाजू त्या पट्टीने मढवली. पट्ट्यांच्या प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका दिला, कारण नुसता गोंद वीज वाहून नेत नाही, आणि मढवण्याचे कवच व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रोधाच्या) पाठीशी एका तारेने जोडले. जॅकची गरम (स्वराचा संकेत वाहणारी) बाजू तांब्याला टेकू नये म्हणून तिथे इन्सुलेशन टेप लावली. पहिल्या खेपेला ती लावायला विसरलो होतो आणि सगळे बंद केल्यावर गिटार मुकी झाली. आठ स्क्रू पुन्हा उघडावे लागले, भाचीने मोबाइलवर चित्रीकरण केले.

उरलेली करकर गेली. घुमणे गेले नाही आणि जाणारही नव्हते. ते चुंबकीय क्षेत्रातून येते, आणि तांब्याची पातळ पट्टी विद्युत क्षेत्र अडवते, ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र नाही. दोन कॉइल उलट गुंडाळून आणि उलट चुंबकांवर ठेवून ते घुमणे एकमेकांत विरवण्याची युक्ती, म्हणजे हंबकर, अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी दाखल केली. अनेक स्ट्रॅट-घडणीच्या गिटारींत मधला पिकअप तसा उलटा असतो आणि स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या स्थानावर, म्हणजे दोन पिकअप एकत्र वाजतात तेव्हा, घुमणे गळून पडते. आमच्या गिटारच्या तिन्ही पिकअपवर होकायंत्र धरले, तर सुईचे तेच टोक तिन्हींकडे वळले. त्या बाबतीत येथे काटकसर झालेली आहे.

३ ऑगस्ट

केबल. जुनी केबल सहा मीटरची, प्लग साच्यातच ओतलेली. मल्टिमीटरच्या कपॅसिटन्सच्या (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेच्या) पट्ट्यात तिने १.१ नॅनोफॅरड, म्हणजे ११०० पिकोफॅरड दाखवले. पिकअप हे हजारो वेढ्यांचे गुंडाळे असल्याने त्याचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) आणि केबलचे कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो. त्या वारंवारतेजवळ स्वर उठून दिसतो आणि तिच्या वरचे सारे कापले जाते. सिंगल-कॉइलचे इंडक्टन्स अंदाजे २.५ हेन्री आणि त्याच्या स्वतःच्या गुंडाळ्यातले कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरले, तर जुन्या केबलने ही वारंवारता सुमारे २९०० हर्ट्झ येते. मीटरला १०० पिकोफॅरडची चांगली तार तीन मीटर वापरली तर ती सुमारे ५००० हर्ट्झवर जाते. 'डब्यात कोंडल्यासारखा' याचा अर्थ आता आकड्यात सापडला होता.

साडेतीन मीटर तार ४० रुपये मीटरने आणि दोन धातूचे प्लग ९० रुपयांना एक, असा ३२० रुपयांत माल आणून केबल घरी जोडली. कापाकापीनंतर ती तीन मीटरची झाली आणि मीटरवर ३१० पिकोफॅरड आले. हिशोब जुळल्याचा आनंद दहा मिनिटे टिकला. मानेजवळचा पिकअप मोकळा, काचेसारखा झाला, पण ब्रिजजवळचा असह्य. भाचीने कानावर हात ठेवला. जुनी निकृष्ट केबल इतकी वर्षे त्या पिकअपचा कर्कशपणा गिळून बसली होती, आणि ती काढताच तो उघडा पडला. महागड्या केबलींच्या जाहिरातींत ही बाजू येत नाही. कमी कपॅसिटन्स म्हणजे जास्त ट्रेबल एवढेच खरे, तो हवा की नको हे पिकअपवर आणि कानावर अवलंबून.

१७ ऑगस्ट

गणपती दहा दिवसांवर आल्याने संध्याकाळी ढोल-पथकांचा सराव चालतो. नाशिक ढोलासमोर मोबाइलचा मायक्रोफोन हात टेकतो, म्हणून आज सकाळी सातला मुद्रणाला बसलो.

ब्रिज पिकअपचा इलाज सापडला आणि तो एका तारेच्या तुकड्याचा आहे. स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली तेव्हापासून तिच्या मूळ जोडणीत दोन टोन नॉब (ट्रेबल कापणारे) आहेत, एक मानेजवळच्या आणि एक मधल्या पिकअपसाठी. ज्याला सर्वाधिक गरज त्या ब्रिज पिकअपला टोनच नाही. स्वस्त नकलांनी ही उणीवही निष्ठेने उतरवली आहे. स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनचे टोक आणि त्याच्या शेजारचे ब्रिजचे रिकामे टोक यांना चार सेंटिमीटर तारेने सोल्डर केले. आता सर्वांत खालचा नॉब ब्रिज पिकअपलाही लागू होतो. तो सातवर ठेवला की कानात टोचणारा भाग गळतो आणि नव्या केबलची स्पष्टता उरते. संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत स्वस्त कामांपैकी हे एक असावे.

टोनचा कपॅसिटर ४७३ छापाचा, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरडचा होता. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतील कागदी कपॅसिटरने स्वर 'उबदार' होतो अशी ख्याती ऐकून माझ्या खोक्यातला एक लावून पाहिला, आणि खरोखर फरक ऐकू आला. मग काढून मोजला : वयोमानाने तो ०.०६२ पर्यंत वाढला होता. महात्मा गांधी रस्त्याजवळच्या दुकानातून आणलेल्या साध्या हिरव्या पॉलिएस्टरच्या ०.०४७ ला ०.०१५ चा दुसरा समांतर जोडून तेवढेच मूल्य केले आणि भाचीला पाठ करून बसवले. दहा वेळा अदलाबदल केली, तिने पाच वेळा बरोबर ओळखले, जेवढे नाणे उडवून ओळखता आले असते. ऊब मूल्याची होती, कागदाची नव्हती. आम्हाला तर उलट दिशेला जायचे होते म्हणून शेवटी ०.०२२ बसवला. नॉब पूर्ण खाली नेला तरी आवाज आता गोधडीखाली जात नाही.

व्हॉल्यूम कमी केला की ट्रेबल हरवतो, ही आणखी एक जुनी तक्रार. पॉटचा रोध आणि केबलचे कपॅसिटन्स मिळून चाळणी होते. व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांमध्ये आधी नुसता १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर सहावर आणल्यावर आवाज पत्र्यासारखा पातळ झाला. त्याला समांतर दीड लाख ओहमचा रेझिस्टर जोडला तेव्हा तोल साधला. आता भाची गेन तसाच ठेवून करंगळीने व्हॉल्यूम सहावर आणते आणि स्वच्छ आवाज मिळवते, पुन्हा दहावर नेते आणि गुरगुर मिळवते. सगळे सुटे भाग मिळून ४० रुपये.

३१ ऑगस्ट

दमट हवेत मानेचा बाक ०.२५ वरून ०.३२ झाला होता. अर्धा-पाव फेरा दिला.

आतापर्यंतचा खर्च १७०० रुपये. जूनमधले पहिले मुद्रण आणि आजचे लागोपाठ ऐकले. पहिले ऐकताना भाचीने स्वतःच मध्ये थांबवले. नव्या गिटारचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. उरलेल्या तीनशेत उलट गुंडाळलेला मधला पिकअप येत नाही, त्यामुळे घुमण्यावर तोडगा बसण्याच्या जागेचा आहे : ॲम्पमधील ट्रान्सफॉर्मरपासून दीड मीटर दूर, गिटार खिडकीकडे एका ठरावीक कोनात वळवली की ते बरेच विरते. त्या कोनात खुर्चीच्या चार पायांभोवती तक्तपोशीवर खडूने खुणा केल्या होत्या. ताईने गौरी येणार म्हणून काल खोली पुसून काढली. आज पुन्हा कोन शोधला, आणि या वेळी खुणा इन्सुलेशन टेपने केल्या.